आजीच्या लुगड्यांना कात्री लावण्याआधी

मेलबर्न,
१८ जानेवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

इंदूरच्या घरातली आजीची पेटी उघडून तू तिच्या तिन्ही महेश्वरी लुगड्यांचे फोटो पाठवलेस आणि खाली विचारलंस, 'आता नऊवार कोण नेसणार? मनूला यातून ड्रेस शिवून टाकू का?' मनूच्या लग्नाच्या गडबडीत तुझी किती धावपळ चालली असेल ते कळतंय. पुण्याहून इंदूरच्या फेऱ्या, आईची तब्येत, केटरर, आमंत्रणं. त्यात पेटीचा निकाल एकदाचा लागावा असं वाटणं साहजिक आहे. पण हे फोनवर दोन मिनिटांत बोलून व्हायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी सरळ उत्तर. तिसऱ्या फोटोतलं, चौकड्यांचं लुगडं घडीवर चिरलंय. रेशमाचा ताणा एकाच घडीवर वर्षानुवर्षं दुमडून राहिला की तसं होतंच. ते खुशाल काप. त्याचे काठ अजून शाबूत दिसताहेत, मनूच्या कुर्त्याला लाव, उरलेल्याचं बाळाचं दुपटं होईल. त्यात आजीचा अपमान नाही. विरलेल्या लुगड्याची गोधडी तीच शिवायची आणि आपण दोघी तिच्यातच वाढलो. पण उरलेली दोन, वांगी रंगाचं आणि ते काळं, धडधाकट आहेत. त्यांना कात्री लावू नकोस. धड लुगडं कापलं की नऊ वारांतून एक ड्रेस निघतो, तो मनू चार वेळा घालेल आणि मग कुणालाच होणार नाही. न कापलेलं लुगडं मात्र तुला होतं, मला होतं, मनूला होतं, ती बारीक असो की पुढे सहा महिन्यांची पोटुशी असो. सव्वाआठ मीटरच्या आसपास अखंड कापड, कुठे शिवण नाही, हूक नाही, माप नाही. अंगाला बेतलेल्या कुठल्याही कपड्याला हे साधत नाही.

आजी नेसायची ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तरी लिहिते, कारण मनूनं ते पाहिलेलं नाही. आंघोळीनंतर दार लोटून उभी राहायची. आधी कमरेला गाठ, अशी आवळायची की दिवसभर हलायची नाही. मग निऱ्या, बोटांच्या चिमटीत पटापट, न बघता. मग त्याच निऱ्यांचा मधला काठ दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचला की काष्टा झाला. पदर खांद्यावरून घेऊन कमरेशी खोचला की कामाला मोकळी. परकर नाही, फॉल नाही, पिको नाही, सेफ्टीपिन तर कधीच नाही. ओच्यात किल्ल्या, तपकिरीची डबी, देवाची फुलं. ती माळ्यावर चढायची, पाटा-वरवंटा करायची, राजवाड्यापासून घरापर्यंत भाजीच्या पिशव्या घेऊन तरातरा चालत यायची, आणि आपण मागून पळायचो. तिला चालताना कपडा सावरताना मी कधी पाहिलं नाही. हातात काम असलेल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या नेसून नेसून बसवलेला पोशाख होता तो. शेतात लावणी करणाऱ्या बाईचा काष्टा वर खोचलेला असतो, कोळणीचा आणखी वर, आणि वारीत पायी चालणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या आजही त्यातच असतात. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून मॅरेथॉन धावल्या त्या नऊवारीत, अनवाणी, आणि जिंकल्या. 'या लुगड्यात जमणार नाही' हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, बरं झालं.

आजीच्या रोजच्या वापराला गिरणीचं पातळ असायचं. मालवा, हुकुमचंद, राजकुमार... आपल्या इंदूरच्या गिरण्यांचे भोंगे तिच्या दिवसाचं घड्याळ होते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली तेव्हा ती गल्लीतल्या कामगारांच्या बायकांसाठी रडली होती, ते मला लख्ख आठवतं. महेश्वरी मात्र सणावारी, आणि ते नेसली की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

त्या वांगी लुगड्याचा काठ फोटोत मोठा करून पाहिलास का? बारीक विटांवर विटा रचल्यासारखी नक्षी आहे. महेश्वरच्या किल्ल्याच्या भिंतींवर, घाटाच्या दगडांत जी नक्षी कोरली आहे तीच विणकरांनी काठात उतरवली. विटा, लाटा, चटई, रुईचं फूल, सगळं तिथलंच. पदरावर पाच पट्टे मोज, तीन रंगीत आणि दोन पांढरे, ही महेश्वरीची जुनी खूण. आणि काठ उलटून बघ. दोन्ही बाजूंनी तितकाच साफ आहे, त्यामुळे लुगडं कुठल्याही बाजूनं नेसता येतं. एका बाजूनं झिजलं की दुसरी बाजू वर घ्यायची. त्या जुन्या लोकांनी बायकांच्या वापराचा किती बारीक विचार केला होता!

अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात महेश्वरला राजधानी नेली आणि बाहेरगावचे विणकर बोलावून तिथे वसवले. पाहुण्यांना, नातलगांना भेट द्यायला पागोट्यांची आणि लुगड्यांची कापडं विणली जायची. म्हणजे महेश्वरी मुळात नऊवारच, मराठी बायकांच्या अंगासाठी नर्मदेच्या काठी जन्मलेली. १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि महेश्वरच्या मागांचा मोठा आश्रय गेला. पुढे गिरणीच्या स्वस्त कापडानं उरलंसुरलं कंबरडं मोडलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी उभी करून बायकांना पुन्हा मागावर बसवलं, तेव्हा कुठे ती कला सावरली. २०१० मध्ये महेश्वरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आता मागावर निघतात त्या बहुतेक सहावारी, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. आपण मागितलं नाही तर नऊ वारांचा ताणा कोण लावणार?

आता लग्नाचं. तू लिहिलंस की वऱ्हाडातल्या सगळ्या मुलींना एकसारख्या शिवलेल्या नऊवारी घ्यायच्या ठरताहेत, शीतलामाता बाजारात स्वस्तात मिळताहेत म्हणून. ताई, मला ते मनापासून पटत नाही. शिवलेली नऊवारी म्हणजे साडीच्या कापडाची विजार, वरून जोडलेला पदर आणि कमरेला इलॅस्टिक. फोटोत छान दिसते, हे मान्य. नाचताना सुटायची भीती नाही, हेही मान्य. पाच मिनिटांत घालून होते, आणि लग्नाच्या सकाळी पाच मिनिटांचं मोल काय असतं ते मला माहीत आहे. लहान पोरींना ती जरूर घ्या. पण मोठ्या मुलींनीही तीच घातली की नेसणं शिकण्याची गरजच संपते. आईच्या हातातलं आजीच्या हातातून आलेलं आहे, ते कुठल्या कागदावर लिहून ठेवलेलं नाही. एक पिढी मध्ये गळली की संपलं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसलेल्या मुली पाहून मलाही आनंद होतो, पण त्यातल्या कितीजणींना ते अखंड लुगडं हातात दिलं तर नेसता येईल, हा विचार आल्यावर मन खट्टू होतं.

मनू तशीही अष्टपुत्री नेसणारच आहे, मामाकडून येते ती पिवळी. ती तरी शिवून घेऊ नका. आई नेसवेल. खुर्चीत बसून सांगेल आणि तू नेसव. वेळ लागला तर लागू दे, मुहूर्ताच्या तासभर आधी बसा.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मी विसरलेले नाही, आणि तूही विसरू नकोस. पणजी विधवा झाली आणि आलवणात, म्हणजे विधवेच्या बिनकाठाच्या लुगड्यात गेली. तिला रंग, काठ, केस काहीच ठेवू दिलं नाही, आणि ते करणारे परके नव्हते, आपलेच होते. आजीच्या डोक्यावरचा पदर सासरे गेल्यानंतरच खाली आला. बाईनं काय नेसायचं हे बाई सोडून सगळ्यांनी ठरवलं, हा त्या लुगड्याचा दुसरा काठ आहे आणि तो कुरूप आहे. आजीला तो पुरता ठाऊक होता, म्हणून तर तिनं आईवर कधीच जबरदस्ती केली नाही. आई शाळेत शिकवायला गोल साडी नेसून जाऊ लागली तेव्हा शेजारणी कुजबुजल्या, पण आजीनं स्वतः क्लॉथ मार्केटात जाऊन तिला दोन व्हॉइलच्या साड्या आणून दिल्या. आपण जीन्स घालायला लागलो तेव्हा तर ती म्हणाली, 'याला मागं काष्टा घालावा लागत नाही, सोयीचं आहे.' म्हणून मनूच्या सासरी 'सणाला साडीच हवी' असं कुणी म्हणालं तर तू गप्प बसू नकोस. तिनं आवडीनं नेसावी. सक्तीनं नेसलेल्या साडीला मी परंपरा म्हणणार नाही.

इथलं सांगते. नुकतीच संक्रांत झाली. आपल्याकडे काळं नेसतात ते थंडीत ऊब धरावी म्हणून, आणि इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, त्या दिवशी तर पारा चाळिसाच्या आसपास. मंडळाच्या हळदीकुंकवाला निम्म्या जणी काळ्या सिंथेटिक साड्यांत घामाघूम. मी काळीच नेसले, पण आईनं दिलेली ती सुती महेश्वरी, तीही गोल न नेसता काष्टा घालून. खरं सांगते ताई, सगळ्यात सुखात मी होते. पायांत वारा खेळत होता, ट्राममध्ये भरभर चढता-उतरता आलं, आणि कापड इतकं हलकं की अंगावर काही आहे असं वाटेना. चार तरुण मुलींनी तिथेच विचारलं, शिकवशील का? पुढच्या शनिवारी त्या घरी येणार आहेत. नेसायला माझ्याकडे जुनी सुती लुगडी नाहीत, म्हणून चादरींवर सराव करणार आहोत.

माझ्या कामावर मी साडी नेसत नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत बाहीपासून बुटापर्यंत नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. पण सुट्टीच्या दिवशी बाजारात, वाचनालयात, कुणाकडे जेवायला जाताना नेसते. लोक बघतात, काही हसून चौकशी करतात, बाकीचे आपापल्या कामात असतात. मला अशा वेळी डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात. १८८५ चा तो फोटो आहे ना, फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातला, तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या पोशाखात? त्यात आपली आनंदीबाई साडीत बसलेली आहे, वय विशीचं. पुढच्याच वर्षी ती डॉक्टर झाली. तिच्यापुढची थंडी आणि एकटेपण पाहिलं तर माझी ट्राममधली साडी काहीच नाही. पण नवं शिकायला जुनं अंगावरून उतरवावंच लागतं असं नाही, एवढं तिच्याकडे पाहून मला कळलं.

आता कामाचं सांगते. ती दोन लुगडी प्लॅस्टिकमधून काढ, आजच. धुतलेल्या मलमलीत गुंडाळ, डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू देऊ नकोस, काठापदरातली जर काळी पडते. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नवीन जागी घडी घाल, नाहीतर त्यांचंही त्या तिसऱ्यासारखं होईल. काळं मनूला दे. वांगी माझ्यासाठी बाजूला ठेव, सीमांतपूजनाला मी तेच नेसणार आहे. आणि पुढच्या इंदूरच्या फेरीत एक दिवस काढून मनूला महेश्वरला घेऊन जा. नव्वद-पंचाण्णव किलोमीटर तर आहे, सकाळी निघून रात्री परत. मागावर जाऊन एक नऊवार सांगून विणून घे, सुती, हातमागाची, रंग तिच्या आवडीचा. पैसे मी पाठवते, माझा आहेर समज.

हे पत्र मनूलाही वाचायला दे. ती नको म्हणाली तर नको, मी रुसणार नाही, पण नको का ते तिनं मला स्वतः लिहून कळवावं.

मी लग्नाच्या आठवडाभर आधी थेट इंदूरला येते. आईला साष्टांग नमस्कार, भावोजींना नमस्कार, मनूला खूप आशीर्वाद.

तुझी,
धाकटी