ब्रेव्हरी फक्त फादर-सिस्टरांची नाही

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर माझ्या हातातलं जाडजूड पुस्तक बघून एका काकांनी चर्चच्या आवारातच विचारलं, "काय रे, या वयात फादर व्हायला निघालास काय?" चेष्टाच होती, पण आमच्या वसईत बहुतेकांना तसंच वाटतं म्हणून हे पत्र. रोजची बायबलमधल्या स्तोत्रांची प्रार्थना, म्हणजे ज्याला आपण ब्रेव्हरी म्हणतो ती, फादर-सिस्टरांचीच मक्तेदारी नाहीये. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवर जो दस्तऐवज काढला त्यात प्रापंचिकांनीही ती म्हणावी असं स्पष्ट लिहिलंय, फादरांबरोबर, आपापसात नाहीतर एकट्याने. बंधन फादरांना आहे, आपल्याला नाही, एखाद्या दिवशी राहिली तर राहिली.

मी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सुरू केली आणि पहिल्याच दिवशी सगळं अंगावर घेतलं, वाचनाची, सकाळची, दुपारची, संध्याकाळची, रात्रीची. सहाची लोकल पकडणाऱ्या माणसाला हे झेपतं का? नऊ दिवसांत गाडी बंद पडली. त्यात धाकटीने पुस्तकातल्या पानखुणांच्या सगळ्या रिबिनी काढून त्यांची छान वेणी घातली, मग कुठला आठवडा, कुठलं पान, काही पत्ता लागेना. (स्तोत्रं चार आठवड्यांत वाटलेली असतात, चौथा संपला की परत पहिला.)

खरा घोळ मात्र नंबरांचा. माझं पुस्तक इंग्रजी आणि मला स्तोत्रं मराठीत म्हणायची असतात म्हणून शेजारी मराठी बायबल घेऊन बसायचो. शुक्रवारी सकाळी पुस्तकात ५० आणि पुढे कंसात ५१ असं छापलेलं, मी आपलं ५० उघडलं. तिथे देव म्हणतोय मला तुमचे बैल-बोकड नकोत. म्हटलं शुक्रवारी मटण खायचं नाही म्हणून हे ठेवलंय की काय! दोन शुक्रवार तेच वाचलं. मग एका सिस्टरनी सांगितलं की जुन्या ग्रीक भाषांतरात ९ आणि १० ही स्तोत्रं एकच धरलीत म्हणून तिथून पुढे जवळजवळ शेवटपर्यंत नंबर एकाने मागे राहतो, माझ्या पुस्तकात आधी तोच छापलाय, आपल्या मराठी बायबलात हिब्रू नंबर आहेत, म्हणजे कंसातला बघायचा. शुक्रवारचं ते दाविदाच्या पश्चात्तापाचं ५१वं, चारही आठवडे तेच असतं.

आता मी फक्त रात्रीची म्हणतो. दहा मिनिटं लागतात, एक किंवा दोन स्तोत्रं, बायबलमधल्या म्हाताऱ्या शिमोनाचं गीत आणि झोप. दर आठवड्याला तीच येतात त्यामुळे पानं शोधायला नको, आणि तेही जड वाटलं तर रविवारचीच रोज म्हटली तरी चालते, तशी मुभाच आहे, म्हणजे ९१वं स्तोत्र पाठ झालं की पुस्तकही नको. लोकलच्या डब्यातल्या भजनी मंडळाचे एक बुवा मला म्हणाले, "अहो मग हा तुमचा हरिपाठच की." मला हे आमच्या काकांपेक्षा जास्त पटलं.

एक सांगायला हवं, शुक्रवारी रात्री ८८वं असतं आणि ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा वगैरे काही नाही. भावाचं ऑपरेशन लांबलं त्या शुक्रवारी मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मोबाईलवर तेच म्हटलं, दुसरं काही म्हणता आलं नसतं.

आपल्या पेपरमार्फत धर्मग्रामांतल्या (पॅरिशमधल्या) मंडळींना एवढीच विनंती की प्रार्थनेची पत्रकं काढाल तेव्हा स्तोत्राचे दोन्ही नंबर छापा आणि मराठी बायबलात कुठला बघायचा तेही एका ओळीत लिहा.

आपला,
एक वाचक, वसई