ते थोडं घासलं नव्हतं

॥ श्री ॥

जळगाव,
रविवार, २६ जानेवारी २०२५

ती. आप्पा आणि आईस,
सा. न. वि. वि.

शाळेतलं झेंडावंदन आटोपून आज लवकर घरी आले. शेजारच्या काकू उद्या पॅसेंजरने सुरतला निघाल्यात. त्यांच्या हाती हे पत्र, बिबड्यांचा डबा आणि गाडीच्या कागदांच्या झेरॉक्स पाठवतेय. फोनवरही सांगता आलं असतं, पण दादा फोन स्पीकरवर टाकतो, मागे बाळ रडत असतं आणि आप्पा, तुम्ही दर दोन वाक्यांनी "मग ब्रेक का नाही मारला?" म्हणता. म्हणून लिहितेय. आई, तू त्यांच्या शेजारी बसूनच ऐक. ते सोयीचं तेवढं मोठ्याने वाचतात आणि बाकीचं मनात, हे तुला ठाऊकच आहे.

फोनवर मी "थोडं घासलं" म्हणाले होते. ते थोडं घासलं नव्हतं. मी गाडी ठोकली, आणि चूक माझी होती.

"उभी राहिली की बॅटरी उतरते, आठवड्यातून दोनदा फिरव," असं बजावून तुम्ही गेलात, म्हणून शनिवारी ४ तारखेला धरणगावला घर बघायला गेले. अंगण झाडलं, तुळशीला पाणी घातलं. येताना भरिताची वांगी दिसली, आपली हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक पाव-अर्धा किलोचं. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. पाळधी सोडून बांभोरीजवळ गिरणेच्या पुलाला लागले तेव्हा साडेसहा झाले असतील. पुलावर नेहमीसारखी रांग. पुढे केळीचा ट्रक, त्याच्या मागे एक पांढरी गाडी, तिच्या मागे मी. ट्रक थांबला, पांढरी गाडी थांबली, मीही ब्रेक दाबत होते. तेवढ्यात पिशवी सीटवरून घसरली आणि माझा हात तिकडे गेला. नजर वर येईपर्यंत आवाज झाला होता.

"पुढच्याचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत, नाही दिसले तर तू फार जवळ आहेस." लायसन्स काढायच्या आधीपासून हे वाक्य ऐकतेय. त्या दिवशी टायर सोडा, पुढची नंबरप्लेटसुद्धा बोनेटआड गेली होती.

पांढरी गाडी अंमळनेरच्या एका काकांची. ते उतरले तेव्हा माझे हात थरथरत होते. त्यांनी स्वतःच्या बंपरकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीशी आले आणि म्हणाले, "पोरी, तुले काही लागनं नही ना? गाडीनं काय, ती पत्रानी शे." मला रडूच फुटलं. माफी मागितली, माझीच चूक म्हटलं, तुमच्या गाडीचं जे होईल ते मी देईन म्हटलं. मग तुम्ही शिकवलेलं एकेक आठवायला लागलं. दोन्ही गाड्यांचे नंबर येतील असे फोटो काढले, एकमेकांचे फोन नंबर घेतले, खाली वाकून कूलंट किंवा ऑइल गळतंय का ते पाहिलं. काही गळत नव्हतं. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले होते, म्हणून पूल ओलांडून गाड्या कडेला घेतल्या. कुणाला लागलेलं नव्हतं, म्हणून पोलिसांत जायची वेळ आली नाही आणि पुढे कंपनीनेही एफआयआर मागितला नाही. लोंबणारा बंपर माझ्या ओढणीने बांधला. ती ओढणी आता फरशी पुसायला.

घरी आल्यावर जावई तुमच्या एजंटशी बोलले. मी पुलावर काय काय बोलले ते ऐकून एजंट म्हणाले, "ताई, कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही, पैसे देतो म्हणायचं नाही, हे पॉलिसीतच असतं." रात्री शोधलं. खरंच आहे, बारीक अक्षरांत, शेवटून तिसऱ्या पानावर. पण आप्पा, समोर वडिलांच्या वयाचा माणूस 'तुला लागलं का' विचारतोय आणि मी त्याला 'तुमची-माझी कंपनी बघून घेईल' म्हणायचं? मला ते जमलं नसतं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, मागचा सेन्सर आणि थोडा रंग मिळून १,८०० रुपये झाले होते. मी माझ्या खात्यातून पाठवले. क्लेममध्ये त्याचा उल्लेख नाही आणि मागायचाही नाही.

आता त्या ओटीपीचं सांगते. सोमवारी कंपनीत क्लेम नोंदवला. तो नोंदवताना पॉलिसीवरच्या मोबाइलवर नंबर येतो, आणि पॉलिसीवर मोबाइल तुमचा. तो नंबर विचारायला कंपनीतून फोन करणाऱ्या बाईला तुम्ही "मी पोलिसांत देईन" म्हणून फोन बंद करून ठेवलात. तुमचं बरोबरच होतं, हल्ली असे फोन येतातच. पण इथे मी सव्वा तास दादाला फोन लावत होते. फॉर्मवर सहीसुद्धा गाडीमालकाचीच लागते. दादाने ज्या कागदावर तुमची सही घेतली आणि "बँकेचं आहे" म्हणाला, तो हाच कागद. रागवायचं तर आम्हा दोघांवर सारखं रागवा.

त्या फॉर्मवर एक रकाना असतो, अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं. कॉलनीत जो तो सांगत होता की आप्पांचं नाव टाक, पॉलिसी ज्याच्या नावावर त्यानेच चालवलेली पाहिजे, नाहीतर क्लेम नामंजूर. असं काही नसतं. मालकाच्या परवानगीने, चालू लायसन्स असलेलं कुणीही चालवत असलं तरी चालतं. लायसन्स संपलेलं असेल तर मात्र भानगड. आणि तुमचं नाव मी कसं टाकणार होते? तुम्ही सुरतला नातवाला मांडीवर घेऊन बसलेले. पण ते कारणही खरं नाही. हॉलमध्ये काचेच्या कपाटात एसटीने दिलेला विनाअपघात सेवेचा बिल्ला ठेवलेला असताना गिरणेच्या पुलावर तुमच्या नावाने ठोकर लिहायला माझा हात धजला नसता. रकान्यात माझं नाव आहे, झेरॉक्स सोबत आहे.

गॅरेजचं थोडक्यात. पहिल्या गॅरेजने कॅशलेस होतं, म्हणजे कंपनी पैसे परस्पर गॅरेजला देते, म्हणून गाडी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की तुमच्या कंपनीशी आमचं आता नाही. मग टोचन लावून गाडी अजिंठा चौफुलीकडच्या दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथे कंपनीकडून नुकसान तपासणारा सर्व्हेयर आला. तो बघून जाईपर्यंत एक स्क्रूही हलवायचा नसतो आणि काम झाल्यावरही जुने पार्ट त्याने परत बघेपर्यंत फेकायचे नसतात. तरुण मुलगा होता, सावदा भागातला असावा, बोलण्यात लेवा हेल होता. तो म्हणाला, बंपरची फक्त चीर आहे, प्लॅस्टिक वेल्डिंग होईल, नवा नाही मिळणार. मी म्हटलं, जरा आतून हात घाला. आतले तीनही लॉक तुटलेले होते. बंपर वेल्ड झाला असता, पण बसला नसता. मग त्याने नवा मंजूर केला. हे मला कुठून कळलं विचाराल, तर सुट्टीच्या दिवशी अंगणात तुम्ही गाडी उघडून बसायचात आणि मी पाने धरून उभी असायचे, तिथून.

आता हिशोब, कारण तुम्ही तो मागणारच. बंपर २,८००, डावा हेडलाइट ३,६००, ग्रिल आणि क्लिपा ९००, डावा फेंडर २,२००, मजुरी ३,५००, तीन भागांचा रंग ७,५००. एकूण २०,५००. कंपनी एवढे सगळे देत नाही, भाग जुने झाल्याचा घसारा कापते. प्लॅस्टिकवर निम्मा. हेडलाइटची काच आता काचेची नसते, प्लॅस्टिकचीच असते, म्हणून तिथेही निम्मा. खरी काच, म्हणजे पुढची मोठी काच फुटली असती, तर घसारा शून्य. पत्र्याचा घसारा गाडीच्या वयावर. आपली सहा वर्षांची, म्हणून ४० टक्के. रंगात बिलाचा चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्यावर निम्मा. असे ५,४६८ गेले. वर हजार रुपये प्रत्येक क्लेमला आपले जातातच, दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला. कंपनीने १४,०३२ दिले, मी ६,४६८ भरले. 'झिरो डेप' घेतलेलं असतं तर हा घसारा वाचला असता, पण गाडी पाच वर्षांची झाल्यावर "आता कशाला" म्हणून आपणच ते काढलं. 'आपण' म्हणजे कोण ते लिहीत नाही.

आणि आता जे सांगायला तीन आठवडे लावले ते. तुमचा नो क्लेम बोनस गेला, क्लेम न करता मिळवलेली हप्त्यावरची सूट.

२०१८च्या दसऱ्याला गाडी घेतली तेव्हा तुम्ही शोरूममध्ये किती चिडला होता आठवतं? सप्टेंबरपासून नियम बदलला होता आणि थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचे, तीन वर्षांचे पैसे एकदम मागत होते. "तीन वर्षांचे? मी काय तीन वर्षांच्या फेऱ्या एकदम मारायचो का?" म्हणालात. तेव्हापासून दर दसऱ्याच्या सुमाराला पॉलिसी आली की आधी तो एकच आकडा बघायचा. २०, २५, ३५, ४५, आणि २०२३ला ५०. त्याच्या वर जात नाही असं एजंट म्हणाले तेव्हा तुम्ही पेढे आणले होते. आई हसली होती, मीही हसले होते. विम्यासाठी पेढे! आता कळतंय. कपाटातला बिल्ला महामंडळाने दिला होता, हा तुम्ही निवृत्तीनंतर स्वतः मिळवलेला.

क्लेम करावा की नाही, यावर म्हणूनच दोन रात्री काढल्या. वहीत मांडून पाहिलं. ही सूट थर्ड पार्टीच्या २,०९४ रुपयांवर नसते, आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग, साधारण ५,००० रुपये, त्यावरच असते. क्लेम केला की येत्या ऑक्टोबरात शून्य, मग पुन्हा २०, २५, ३५, ४५. पन्नासशी तुलना केली तर या पाच वर्षांत ६,२५० रुपये जास्त जाणार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,३७५. कंपनीकडून येणार १४,०३२. पैशांपुरतं बघितलं तर क्लेम करण्यात साडेसहा हजारांचा फायदा. बिल दहा हजारांच्या आत असतं तर मी कंपनीला कळवलंच नसतं, सगळं पदरचं भरलं असतं आणि तुमचे ५० टक्के राहिले असते. जावई म्हणत होते, तरी पदरचं भर, आप्पांना बरं वाटेल. मला मोह झाला. पण मग बिल लपवावं लागलं असतं, आणि तुम्ही एक बोट बोनेटवरून फिरवलं असतं की नवा रंग ओळखला असता. पाच वर्षांच्या फरकाचे ७,३७५ मी वेगळे ठेवलेत. तुम्ही घेणार नाही, मला माहीत आहे. आई घेईल.

गाडी बुधवारी आली. रंग छान जुळलाय, उन्हात उभी केली तर डावा फेंडर थोडा उजळ दिसतो इतकंच. डेंटरने सीटखालून एक वांगं काढून दिलं. अठरा दिवसांत वाळून कुळकुळीत झालेलं. तो म्हणाला, "ताई, हे क्लेममध्ये टाकायचं राहिलं."

एक गोष्ट उरली. सर्व्हेयरने गाडीभोवती फेरी मारली तेव्हा डाव्या मागच्या दारावर खालच्या बाजूला एक लांब खोक दिसली. आत गंज धरलेला. त्याने "जुना मार" असं लिहून घेतलं आणि ते दार वगळलं. गॅरेजवाला माझ्या कानाशी म्हणाला, ताई, हेही बसवून टाकू, कोण बघतंय. मी नको म्हटलं. पण ती खोक कधीची, हे मला सांगता येईना. तुम्ही तर म्हणता गाडीला सहा वर्षांत ओरखडा नाही.

परवा धरणगावला गेले होते. आपल्या काळ्या गेटच्या डाव्या फळीची कडी बाहेर आलीय ना, तिच्यावर चंदेरी रंग लागलेला दिसला. मी वितीने मोजलं. जमिनीपासून दोन विती आणि चार बोटं. गाडीच्या दारावरही दोन विती आणि चार बोटं.

मी काही विचारत नाही. त्या दाराचे २,२०० सांगितलेत. काम करून घेऊ की तसंच राहू दे, एवढं आईकडून कळवा. गेटची कडी मी घासून पुसून ठेवली आहे.

बाळाला गोड पापा. दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
ताई