जखमेच्या फोटोत मोजपट्टी हवीच

महोदय,

ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून उपकेंद्रातूनच जुनाट जखम डॉक्टरांना दाखवता येते. विदर्भात मधुमेही पायांबरोबर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे घोट्याजवळ होणाऱ्या जखमाही आहेत. पण फोटोच धड नसेल, तर पलीकडचा डॉक्टर काय सांगणार?

आधी जखम सलाइनने धुवावी. हळदीचा लेप नि चिकटलेला पू असला की तळ दिसतच नाही. मग फ्लॅश बंद, दारातला उजेड, कॅमेरा जखमेच्या अगदी समोर. एक फोटो अख्ख्या पावलाचा, एक जवळून, शेजारी सेंटिमीटरची कागदी मोजपट्टी आणि तारीख. तिरक्या फोटोत जखम लहान दिसते आणि सगळे उगाच खूश होतात.

खोली, वास आणि पावलाची नाडी फोटोत येत नाही. ती तपासून, साखरेच्या आकड्यासह कळवावी. नाडी न बघता पायाला दाबपट्टी (घट्ट बँडेज) आवळली, तर आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो. मधुमेही पायाची जखम ४ आठवड्यांत निम्मी झाली नाही, तर उपचारांचा फेरविचार हवा. बोट काळे पडले, ताप आला किंवा लाली वर सरकू लागली, तर नेटवर्कची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उपकेंद्रांना सलाइन आणि कागदी मोजपट्ट्या तरी नियमित पुरवाव्यात.

– ग्रामीण आरोग्य कर्मचारी, यवतमाळ जिल्हा