भट्टी का उडाली, हे शेजारच्या फौंड्रीलाही कळू द्या

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांत, म्हणजे भंगार वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत, ३६ वर्षं काढली, शेवटची ११ भट्टीवर सुपरवायझर म्हणून. एका रात्रपाळीबद्दल आपल्याला सांगायचं आहे.

जुलै महिना होता. चार दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती आणि भंगाराचा ढीग उघड्यावर, वर फाटकी ताडपत्री. चार्जिंगच्या, म्हणजे भट्टीत भंगार टाकायच्या कामावरच्या पोरानं त्यातला पाइपचा एक तुकडा भट्टीत टाकला. दोन्ही तोंडं चेपलेली, आत पाणी. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटीहून जास्त जागा मागते, आणि इथं तर ती वितळलेल्या लोखंडाच्या पोटात झाली. रस पार पत्र्यापर्यंत उडाला. पोराच्या अंगावरचा नायलॉनचा टी-शर्ट कातडीला चिकटला होता. चिकटलेला भाग तसाच ठेवून भोवतीनं मी कात्रीनं कापला. ॲप्रन होते, पण स्टोअरला कुलूप होतं. पोरगा ठेकेदाराकडचा, कामावरचा तिसरा दिवस. तोंड बंद असलेला पाइप टाकायचा नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

चौकशीत विचारलं गेलं ते एवढंच, की ड्युटीवर कोण होतं. कागदावर लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मागं जाऊन ताडपत्री कुणी बघितली नाही. त्या कागदावर माझीही सही आहे, आणि ती मला आजही झोपू देत नाही.

पुढच्याच पावसाळ्यात तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका फौंड्रीत ओल्या भंगारानंच भट्टी उडाली. आमच्याकडं काय झालं होतं, हे तिथं कुणाच्या कानावरही गेलेलं नव्हतं.

साहेब, ४८ तास कामावर येता येणार नाही अशी इजा झाली तर कळवायचं, हा नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून आहे. त्याच कायद्याच्या कलम ९० नं चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करायची मुभा शासनाला दिली होती. आमच्या भागात असा अहवाल माझ्या हाती कधी पडला नाही. रेल्वेकडं बघा. तिथले सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडं येतात. ज्याचं काम, त्यानंच चौकशी करायची नाही, हा विचार त्यामागं आहे.

आमच्याकडंही चौकशी करणारा माणूस गुन्हेगार शोधायला नको, तर अपघाताचं कारण शोधायला यावा. भरपाई आणि पोलीस केस आपल्या वाटेनं जाऊ देत. पण भंगार ओलं का राहिलं, ॲप्रन कुलुपात का होते, हे एका पानावर, कंपनीचं आणि माणसाचं नाव न घालता, मराठीत आणि हिंदीत छापून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या प्रत्येक भट्टीपर्यंत गेलं पाहिजे. थोडक्यात टळलेले प्रसंगही त्यात यावेत. भट्टी नुसती फुसफुसली तर आज कुणी बोलत नाही. ठेकेदाराच्या पोराला उद्याची हजेरी जायची भीती असते. बोलणाऱ्याचं काम जाणार नाही, याची हमी आपणच देऊ शकता.

मालकांवर माझा राग नाही. बऱ्याच जणांनी स्वतः साचे भरलेत. पत्र्याची एक शेड त्यांना जड नाही, पण ती कशासाठी हवी हे कळायला तर हवं.

पहिलं पान मी लिहून देतो. ढीग कुठं होता, ताडपत्री कुठल्या कोपऱ्यात फाटली होती, सगळं मला आठवतंय.

आपला,
एक निवृत्त भट्टी सुपरवायझर, कोल्हापूर