रोजची ऍसिडिटीची गोळी आणि पोटातला जंतू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पोटाच्या कॅन्सरवर लेख आला होता. शेव, तिखट, सराफ्यातलं रात्रीचं खाणं, जागरण, टेन्शन सगळ्यांची नावं आली पण जे नाव सगळ्यात आधी यायला हवं होतं ते हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचं नाव अख्ख्या लेखात कुठेच नाही, म्हणून लिहितेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ सालीच हा जंतू कॅन्सर करतो असं जाहीर केलंय, तंबाखूच्याच वर्गात टाकलंय त्याला.

बहुतेकांना हा लहानपणीच घरातल्या घरात लागतो आणि औषध घेतलं नाही तर सहसा जन्मभर पोटात राहतो. पोटातल्या ऍसिडमध्ये कुठला जंतू टिकणार असं डॉक्टर लोकही मानायचे, पण हा स्वतःभोवती अमोनिया करून वाचतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हा शोधला तेव्हा कोणी फारसं ऐकेना, शेवटी मार्शलनी १९८४ मध्ये स्वतःच हे जंतू पिऊन पोटाला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. वर्षानुवर्षं सूज राहिली की अस्तर पातळ होतं, तिथल्या पेशी बदलायला लागतात आणि काही जणांना पुढे कॅन्सर होतो. काहींनाच हं, जंतू असलेल्या शंभरात साधारण एक ते तीन, उगाच कोणी घाबरून जाऊ नये. आपल्या देशात जंतू घरोघरी असून हा कॅन्सर जपान-कोरियापेक्षा खूप कमी आहे, मिझोरममध्ये मात्र बराच दिसतो.

माझे सासरे याच आजारानी गेले. रोज सकाळी चहाच्या आधी ऍसिडिटीची गोळी, मेडिकलवाला कात्रीने स्ट्रिप कापून द्यायचा, चिठ्ठी कोणी मागायचं नाही. गोळीने जळजळ थांबायची म्हणून सगळं ठीकच वाटायचं. वजन उतरलं तर म्हणाले बरंय की, शुगरवाल्याला चांगलंच. शी डांबरासारखी काळी व्हायला लागली ते त्यांनी घरात सांगितलंच नाही, आणि ते आतल्या रक्तामुळे असू शकतं हे त्यांना तरी कोण सांगणार होतं. दुर्बीण घातली तेव्हा फार उशीर झाला होता.

नंतर डॉक्टरांनी ह्यांना आणि माझ्या दिरांना तपासणी करायला लावली, कारण आईवडील किंवा भावंडांना हा कॅन्सर असेल तर धोका वाढतो. श्वासाची टेस्ट असते, उपाशीपोटी जायचं, एक औषध प्यायचं, थोडं थांबून पिशवीत फुंकायचं, झालं. शी तपासूनही कळतं. दिरांना जंतू निघाला. चौदा दिवस अँटिबायोटिक्स, तोंड कडू, अन्नावरची वासना गेलेली, अर्ध्यातच सोडायला निघाले होते. वहिनींनी सोडू दिलं नाही, फार चांगलं केलं, कारण अर्धवट कोर्सने जंतू औषधालाच दाद देईनासा होतो, आधीच काही अँटिबायोटिक्स त्याच्यावर नीट चालत नाहीत. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी परत टेस्ट करून जंतू गेला का ते बघावंच लागतं, आणि त्याआधी दोन आठवडे ऍसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवायची नाहीतर रिपोर्ट चुकीचा येतो, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. कोरियात अशाच नातेवाईकांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, औषध दिलेल्यांमध्ये कॅन्सर निम्म्याहून कमी होता.

आपल्याकडे इंदूरला गणपतीत मराठी मंडळांची आरोग्य शिबिरं होतात, शुगर-बीपी बघतात, फार चांगलं काम आहे. तिथे ज्यांच्या घरात पोटाचा कॅन्सर झालाय किंवा जे वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने गोळ्या घेताहेत त्यांना निदान विचारून पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवावं. नुसती रक्ताची अँटिबॉडी टेस्ट करून थांबू नये, ती जुन्या इन्फेक्शनमध्येही पॉझिटिव्ह येते.

तुम्हाला एकच विनंती, शहरातल्या एखाद्या पोटविकार तज्ज्ञांना विचारून पुढच्या पुरवणीत छापा की श्वासाची टेस्ट इंदूरमध्ये कुठे होते, खर्च किती येतो, सरकारी दवाखान्यात मिळते का, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाचा त्रास सुरू झाला, वजन उतरलं, घास अडकला किंवा शी काळी झाली तर सरळ दुर्बिणीची तपासणी करायची हे चौकट करून मोठ्या अक्षरात द्या.

आपली,
एक नेहमीची वाचक, रामबाग, इंदूर