खडकीची दलदल आधी, घोडे नंतर

नॉटिंगहॅम, २० एप्रिल

चि. सोनू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईने कळवले की यंदा दिवाळीच्या किल्ल्याला तुला मातीचे मावळे नकोत. धातूचे छोटे सैन्य रंगवून त्याची लढाई खेळायची आहे, आणि सुरुवात थेट पानिपतापासून करायची म्हणतोस. पानिपत तूर्त बाजूला ठेव. पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातली खडकीची लढाई घे, ५ नोव्हेंबर १८१७ ची. तिचे मैदान तुला एका सकाळी पायाखाली घालता येते, आणि आकडे एवढे आटोपशीर आहेत की एका पावसाळ्यात दोन्ही सैन्ये रंगवून होतात.

लढाई थोडक्यात अशी. पुण्यातला कंपनीचा रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या फौजेला मिळाला. कर्नल बरच्या हाताखाली कंपनीचे साधारण २८०० लोक होते, त्यांतले ८०० गोरे. दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण त्यांना येऊन मिळाली. गणेशखिंडीच्या अंगाला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले. त्यांच्याकडे घोडदळ १८,०००, पायदळ ८,००० आणि तोफा १४ असा आकडा सहसा देतात. पेशव्यांकडच्या द पिंटोच्या कवायती पलटणीने कंपनीच्या सातव्या मुंबई पलटणीवर चाल केली, पिंटोची पलटण मागे हटली, आणि पाठलागात सातव्या पलटणीची रांग विस्कटली. गोखल्यांनी ती संधी अचूक हेरली आणि जरीपटक्याच्या निशाणासह सुमारे ६००० घोडा सोडला. पण इंग्रजांच्या डाव्या बाजूसमोर खोल दलदल होती. पुढचे घोडे तिच्यात रुतले, मागचे त्यांच्यावर जाऊन आदळले, आणि हल्ल्याचा जोर तिथेच संपला. पेशव्यांकडचे मोरोपंत दीक्षित फोर्डच्या पलटणीच्या तोफेने पडले.

म्हणून तुझ्या टेबलावरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती दलदल आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी आकार ठरव. बाकी सगळे त्यावर अवलंबून असते, आणि नवखे लोक नेमके हेच शेवटी ठरवतात. इथे दुकानांत २८ मिमी उंचीच्या मूर्ती सर्वाधिक दिसतात. डोळ्यांच्या बाहुल्या, पगडीचे पेच, सगळे रंगवता येते, पण त्यात ६००० घोड्यांचा लोंढा कधीच दिसत नाही; वीस-पंचवीस स्वार जत्रेला निघाल्यासारखे दिसतात. तू ६ मिमी घे. त्यात पायदळ बहुधा चार-चारच्या पट्टीत ओतलेले येते आणि स्वार तीन-तीनच्या. बेस, म्हणजे मूर्ती चिकटवायची पाटी, ६० × ३० मिमीचा ठेव: त्यावर पायदळाच्या सहा पट्ट्या म्हणजे २४ शिपाई, किंवा स्वारांच्या तीन पट्ट्या म्हणजे ९ घोडे. एक बेस म्हणजे ३०० माणसे धर.

आता हिशेब कर. तीनशे शिपाई दोन ओळींत उभे केले तर दीडशेची रांग. माणशी ५५ सेंमी धरले तर साधारण ८२ मीटर. ते ६० मिमीत बसले, म्हणजे टेबलावरचा १ मिमी जमिनीवर जवळपास १.४ मीटर. सहा बाय चार फुटांच्या टेबलावर अडीच किलोमीटर लांब आणि पावणेदोन किलोमीटर रुंद मुलूख येतो, आणि ही लढाई त्यात मावते. बंदुकीचा परिणामकारक पल्ला ९० मीटर, म्हणजे टेबलावर साडेसहा सेंमी. हलक्या तोफेचा गोळा ५० सेंमी, छर्रा २० सेंमी. तीनशे घोडे मात्र दोन ओळींत ६० मिमीत मावत नाहीत, म्हणून स्वारांचा बेस हा खोल जथा समजायचा. मराठी घोडदळाला ते शोभतेही.

कंपनीकडे ९ बेस पायदळ आणि दोन तोफा. गोखल्यांकडे २० बेस घोडदळ, द पिंटोचे दोन बेस आणि तीन तोफा. सगळे अठरा हजार करायला बसशील तर ६० बेस, ५४० घोडे होतील, आणि ते गणपतीतच कंटाळून टाकून देशील. हल्ल्यात उतरले तेवढेच कर, म्हणजे १८० घोडे.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, जूनच्या आत मारून घे. हे मी मुद्दाम आत्ता लिहितो आहे. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रे मारला की त्यावर पांढुरकी साय धरते आणि बारीक काम बुजते. उलट भर दुपारी गच्चीवर मारलास तर रंग हवेतच सुकतो आणि मूर्तीवर वाळू शिंपडल्यासारखा बसतो. सकाळी आठ-नऊची वेळ चांगली. डबा मिनिटभर हलव, वीस-पंचवीस सेंमीवरून झरझर पुढे-मागे फिरव, दोन पातळ थर दे आणि थरांमध्ये पंधरा मिनिटे जाऊ दे. त्याआधी मूर्ती कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळव. साच्याची भुकटी राहिली की रंग सोलून निघतो. धातूत शिसे असू शकते, म्हणून कानस ओल्या कपड्यावर चालव, भुकटी पुसून टाक, आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस.

मराठ्यांच्या पट्ट्यांना गडद तपकिरी प्रायमर, कंपनीच्या पट्ट्यांना फिकट करडा. कारण लाल रंग पारदर्शक असतो; काळ्यावर मारलास तर चार थरांनंतरही वाळलेल्या रक्तासारखाच दिसतो. फिकट करड्यावर आधी विटकरी आणि मग लाल दिलास तर दोन थरांत काम होते. एवढ्या छोट्या मूर्तीवर रंग प्रत्यक्षापेक्षा एक छटा उजळ घ्यावा लागतो. बरोबर जुळवलेला लाल दोन फुटांवरून चॉकलेटी दिसतो. लाल कोट झाला की छातीवरचे एकमेकांना छेदणारे पांढरे तिरके पट्टे अगदी बारीक रेघेने काढ. दुरून शिपाई ओळखू येतो तो त्या दोन रेघांमुळेच.

आइस्क्रीमच्या काडीवर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पट्ट्या बसव. पट्ट्यांत बोटभर अंतर ठेव, नाहीतर ब्रश मधे शिरत नाही. एका वेळी एकच रंग घेऊन तीसेक पट्ट्या पुढे सरकव. ब्रश ० किंवा १ नंबरचा, पण टोक सुईसारखे हवे. ००० नंबरच्या मोहात पडू नकोस. त्यात रंग एवढा कमी मावतो की मूर्तीपर्यंत पोचेतो सुकतो. रंग ब्रशच्या पत्र्यापर्यंत चढू देऊ नकोस, तिथे वाळला की केस फाकतात. उन्हाळ्यात ताटलीतला रंग पाच मिनिटांत जाड होतो. त्यावर उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा चपटा डबा, तळाला ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, आणि कागदावर रंग. दोन दिवस टिकतो.

घोडे मात्र मन लावून कर. कंपनीची पलटण एका गणवेशात, मराठी स्वार नव्हे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी, आणि कपडे ज्याचे त्याचे. नऊ घोड्यांच्या बेसवर चार कुमाईत (तांबूस तपकिरी, आयाळ काळी), दोन तांबडे, एक काळा, एक सबजा (करडा-पांढरा), एक अबलख (पांढऱ्यावर गडद चट्टे) असे काहीसे प्रमाण ठेव आणि पुढच्या बेसवर ते थोडे बदल. पाचेक बेसमागे एक पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरे). अंगरखे बहुतेक मळकट पांढरे, पगड्या लाल, केशरी, पांढऱ्या, एखादी गुलाबी. शुद्ध पांढरा कुठेच वापरू नकोस. पांढऱ्यात थेंबभर खाकी घाल. शेवटी तपकिरी वॉश, म्हणजे खळग्यांत उतरणारा पातळ रंग, दे: एक भाग रंग, तीन भाग अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंग पातळ करायचे बिनरंगी द्रव्य), एक भाग पाणी. नुसत्या पाण्याने पातळ केलास तर वाळताना कडेला चहाच्या कपाच्या डागासारखी वर्तुळे पडतात.

जरीपटका आणि भगवा झेंडा हे दोन वेगळे. जरीपटका सोनेरी जरीचा, टोकाला दुभंगलेला. पातळ कागदावर दोन्ही बाजू रंगव, तारेभोवती फेविकॉलने दुमड आणि ओला असतानाच पेन्सिलीवर वळवून लाट दे. वाळल्यावर वळवलास तर रंग तडकतो. तो गोखल्यांच्या बेसवर एकदाच लाव.

बेससाठी २ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) कापून घे. पुठ्ठा नको. एका बाजूला फेविकॉल आणि माती लागली की तो पापडासारखा वळतो. माती गणेशखिंडीच्या बाजूचीच आण. चहाच्या गाळणीतून चाळ आणि जुन्या तव्यावर दहा मिनिटे भाज, नाहीतर पावसाळ्यात बेसवर बुरशी येते. चिकटवल्यावर ती काळपट दिसेल. वाळली की फिकट मातकट रंगाचा ड्रायब्रश फिरव: ब्रश कागदावर जवळपास कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि मग उंचवट्यांवरून हलका ओढायचा. पट्ट्या बेसवर फेविकॉलनेच लाव, म्हणजे पुढे पाण्यात भिजवून सोडवता येतील. फेविक्विकने धातूवर पांढरी वाफ बसते.

मॅट वार्निशही पावसात मारू नकोस. मारलेस आणि पांढरे पडले तर घाबरू नकोस. वर चकचकीत वार्निशचा थर दे, पांढरेपणा बहुतेक निघतो. मॅट ऑक्टोबरमध्ये मार. तयार बेस प्लायवुडच्या कपाटात बंद करू नकोस. लाकडातल्या आम्लाच्या वाफेने शिशाला पांढरी भुकटी सुटते आणि मूर्ती आतून पोखरली जाते. प्लास्टिकचा डबा घे, आणि फेविकॉलही पुरता वाळल्यावरच झाकण लाव.

आता दलदल. तीस सेंमी लांब आणि सात सेंमी रुंद असा वेडावाकडा एमडीएफचा तुकडा घे, कडा कानशीने उतरत्या कर. वर टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून चुरगळून बसव. मधे खळगे राहू देत. रंग गडद तपकिरी, खळग्यांत जवळजवळ काळा. खळग्यांत चकचकीत वार्निशचे चार-पाच पातळ थर दे. एकदम ओतलेस तर वरून कातडे धरते आणि आत महिनाभर चिकट राहते. केरसुणीचे हीर बारीक कापून काठाला रोव. टेकडीसाठी थर्माकोल वापरणार असशील तर आधी फेविकॉलचे दोन थर दे, कारण स्प्रे थेट लागला की थर्माकोल वितळतो. जमिनीचा उतार कपड्याखाली पुस्तके ठेवूनही छान दिसतो. कडा कशा मिसळतात ते पाहायला कर्वे रस्त्याजवळच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात एकदा जाऊन ये.

आणि आता खरी अडचण. दलदल टेबलावर उघडी दिसत असेल तर मराठ्यांकडून खेळणारा कोणीही शहाणा माणूस तिच्यात घोडे घालणार नाही, आणि मग ती खडकीची लढाई राहत नाही. गोखल्यांना ती दिसली नव्हती. प्रशियात राइसविट्झने १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम छापले त्यात पंच होता, तो याचसाठी: ज्याला जे दिसते तेवढेच त्याला सांगायचे. तूही पंच नेम. इंग्रजांच्या डाव्या बाजूसमोर तीन जागा कागदावर आख, चिठ्ठी टाकून एक निवड, आणि ती फक्त पंचाला माहीत. टेबलावर नुसते कापड. पहिला बेस तिथे शिरला की पंचाने तुकडा खाली ठेवायचा. हवे असेल त्याला एक बेस पुढे पाठवून जमीन तपासू दे, पण त्यात एक डाव जातो, आणि तेवढ्यात सातवी पलटण पुन्हा रांगेत येते. गोखल्यांचा पेच हाच होता.

नियमांत बेस मारून उचलू नकोस. कंपनीचे मृत आणि जखमी मिळून ८६, मराठ्यांचे सुमारे ५००, म्हणजे तुझे दोन बेससुद्धा भरत नाहीत. ही लढाई माणसे संपून सुटली नाही, हल्ल्याची घडी मोडून सुटली. म्हणून प्रत्येक बेसच्या तीन अवस्था ठेव: नीट, विस्कळीत, माघार. गोळी लागली (फाशावर ४ किंवा जास्त, आपण विस्कळीत असू तर ५) की समोरचा एक पायरी खाली. सरदार सहा सेंमीच्या आत असेल तर फाशावर ४ किंवा जास्त आल्यास एक पायरी परत. पायदळाची चाल सात सेंमी, घोडदळाची वीस. दलदलीत शिरलेला बेस तिथेच थांबतो, एक पायरी उतरतो, आणि पुढच्या डावापासून ४ किंवा जास्त आल्याशिवाय निघत नाही. त्याच्या मागे तीन सेंमीत जो बेस असेल त्यानेही फासा टाकायचा. १ किंवा २ आला तर तोही विस्कळीत. ही शेवटची ओळ गाळू नकोस, ६००० घोड्यांचे तिथे तेच झाले. आणि समोरचा हटला की पायदळाने पाठलाग टाळण्यासाठी फासा टाकायचा. ३ किंवा कमी आले तर रांग सोडून धावतेच.

तिसरा भिडू मिळाला तर त्याला पेशवा कर. बाजीराव पर्वतीवर होता. आपल्या मापाने पर्वती टेबलापासून चारपाच मीटर लांब पडते, म्हणजे बहुधा तुमच्या स्वयंपाकघरात. त्याने तिथूनच चिठ्ठ्या पाठवायच्या, आणि चिठ्ठी एका डावाने उशिरा पोचवायची. पहिली तोफ आपण डागू नये असा निरोप त्याने खरोखरच गोखल्यांना धाडला होता, आणि निरोप्या येताना पाहून गोखल्यांनी तो पोचायच्या आत तोफा सुरू केल्या.

सोबतच्या पुडीत पायदळाच्या सहा पट्ट्या आणि घोड्यांच्या तीन पट्ट्या आहेत, एकेका बेसपुरत्या. आधी एवढेच दोन बेस पूर्ण कर, वार्निश सोडून, आणि खिडकीच्या उजेडात तिरका फोटो काढून पाठव, फ्लॅश नको. रंग उजळ हवा की नको ते पाहून सांगतो, मग बाकीच्या पट्ट्या पाठवतो. मराठ्यांकडून ज्याला खेळायला बोलावशील त्याला हे पत्र दाखवू नकोस.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार. आजींना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मामा