स्पेनमधल्या सेविया शहरातल्या, त्रियाना वस्तीतल्या काकूंना, उन्हाचं वेळापत्रक दिल्याबद्दल

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला फोन केला तर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "फोनवर गोड बोलून काय होते? लिहून काढ सारं. पुढच्या उन्हाळ्यात सॅक टाकून येणाऱ्या पोराटोरांच्या कामी तरी येईल." एवढं बोलून, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तर हे ते लिहून काढलेलं. तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गोष्टी मी तुम्हालाच समजावून सांगतेय असं जागोजागी वाटेल. तो मजकूर बाकीच्यांसाठी आहे, तुम्ही तेवढा गाळून वाचा.

माद्रिदच्या आतोचा स्टेशनात, जुन्या इमारतीतल्या त्या ताडामाडांच्या बागेपाशी आम्ही दोघी सेवियाला जावं की थेट बार्सिलोना गाठावं यावरून भांडत होतो. परदेशात आपलं बोलणं कुणाला कळत नाही या भरवशावर माणूस फार मोकळं भांडतो. मागून आवाज आला, "काहून व पोरींनो, सेवियाला? अन् जूनच्या शेवटी?" माद्रिदमध्ये वऱ्हाडी ऐकून आम्ही गप्पच झालो. माझ्या मैत्रिणीला मात्र गप्प राहणं जमत नाही. "आम्ही नागपूरच्या, आम्हाला उन्हाचं काय!" असं तिने ठणकावलं. (मी पुण्याची, पण तिने मलाही त्यात ओढलं.) तुम्ही अकोल्याच्या निघालात, म्हणजे तो सामना तिथेच संपला. "नागपुरात डोक्यावर पंखा असते, खिडकीत कुलर असते. इथल्या छताकडं पाह्य, पंख्याचा हूक तरी दिसते का?" मी वर पाहिलं. पुढच्या सगळ्या मुक्कामांत मी खोलीत शिरल्या शिरल्या आधी छताकडे पाहायचे. एकदाही हूक दिसला नाही.

तो 2025 चा जून. त्याच सुमारास, 28 तारखेला, सेवियाच्या पश्चिमेला उएल्वा प्रांतातल्या एल ग्रानादोमध्ये पारा 46 अंशांवर गेला. स्पेनमध्ये जून महिन्यात एवढं तापमान त्याआधी कधी नोंदलं गेलं नव्हतं.

माद्रिद ते सेविया ही स्पेनची पहिली वेगवान रेल्वे, 1992 च्या एक्स्पोच्या, म्हणजे सेवियातल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळची. अडीच तासांच्या त्या प्रवासात तुम्ही आमच्या रिझर्व्हेशनच्या कागदामागे आम्हाला जे वेळापत्रक लिहून दिलंत, त्याच्यावर आमची पुढची सगळी भटकंती निभावली. (युरेलचा, म्हणजे युरोपभरच्या रेल्वेचा पास काढला म्हणजे कुठल्याही गाडीत चढता येतं असं समजणाऱ्यांसाठी: स्पेनच्या वेगवान गाड्यांना जागेचं रिझर्व्हेशन वेगळं काढावंच लागतं, आणि उन्हाळ्यात ते लवकर संपतं.)

वेळापत्रकाची पहिलीच ओळ होती, "घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही." मला वाटलं तुम्ही गंमत करताय. मग तुम्ही समजावलंत. स्पेन नकाशावर लंडनच्याही पश्चिमेकडे सरकलेला देश, पण 1940 पासून त्याचं घड्याळ जर्मनीच्या वेळेवर लावलेलं. त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. त्यामुळे सेवियात सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नाही, अडीचच्या सुमारास. आपल्याकडे चार वाजले की ऊन उतरायला लागलं असं आपण धरून चालतो. तिथे पाच-सहाला खरी काहिली सुरू असते आणि सूर्य मावळायला पावणेदहा होतात. जेवून थोडं लवंडायचं आणि पाच वाजता ताजंतवानं होऊन बाहेर पडायचं, हा आपला नेहमीचा बेत तिथे भर भट्टीत नेऊन सोडतो. मी कितीतरी प्रवासवर्णनं वाचून गेले होते. स्पॅनिश लोक उशिरा जेवतात याचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं, त्याचा सूर्याशी काय संबंध हे एकानेही लिहिलं नव्हतं.

हॉस्टेलचं नाव घेत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरची डॉर्म, एसी रात्री दीडला बंद पडला तो पडलाच, आणि दिवसभर तापलेल्या गच्चीची धग पहाटेपर्यंत खाली उतरत राहिली. मैत्रिणीचा डोळा लागला नाही. सकाळी अल्काझार राजवाड्याच्या रांगेत तिला चक्कर आली, अंगाला दरदरून घाम, मळमळ. मी तुम्हाला फोन लावला तेव्हा तुम्ही घाबरलात वगैरे काही नाही. पहिला प्रश्न विचारलात, "नीट बोलते का ती? नाव, गाव बरोबर सांगते का?" बडबडायला लागली, किंवा अंग तापून डोळे फिरवायला लागली, तर माझी वाट पाहू नको, थेट 112 लाव, असंही बजावलंत. हा नंबर युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत चालतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिने नाव, गाव आणि वर एक नागपुरी शिवीही बरोबर सांगितली. तुम्ही टॅक्सी घेऊन आलात.

त्यानंतरचं खरं श्रेय तुमच्या सासूबाईंना. मैत्रिणीला त्यांच्या स्पॅनिशचं एक अक्षर समजत नव्हतं आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. तळमजल्याच्या संगमरवरी फरशीवर तिला आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले, मानेखाली ओला टॉवेल सरकवला. फार्मसीतून आणलेलं सुएरो, म्हणजे आपलं ओआरएसच, एकेक घोट पाजत त्या शेजारी पंखा घेऊन बसल्या. हातातला, घडीचा. रात्रीपर्यंत ती उठून बसली आणि तुमच्या फ्रीजमधला गास्पाचो, म्हणजे तिथलं थंड सूप, संपवून मोकळी झाली. टोमॅटो, काकडी, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, आणि तुमच्या हातची भाजल्या जिऱ्याची चिमूट, जिच्याबद्दल सासूबाई अजून नाक मुरडतात. शाकाहारी वाचकांसाठी एवढंच: त्याचाच कोर्दोबाकडचा घट्ट भाऊ, साल्मोरेहो, मागवलात तर 'सिन हामोन' म्हणायला विसरू नका, नाहीतर वर मांसाचे तुकडे पेरून येतात.

आम्ही तुमच्याकडेच राहिलो, आणि ते घर बघणं हा माझ्यासाठी सेवियातला सगळ्यात मोठा प्रेक्षणीय भाग होता. राजवाडा पाहिला, कॅथीड्रलमधली कोलंबसची कबर पाहिली, चांगली आहेत. पण सकाळी नऊच्या ठोक्याला सासूबाई घरभर फिरून एकेक पर्सियाना, म्हणजे खिडकीवरचा गुंडाळता पडदा, खाली ओढत येतात तो सोहळा वेगळाच. एखादी फट राहिली तर परत जातात. दिवसभर घर अंधारं, बाहेरची झळ बाहेर. रात्री उशिरा गार वारा सुटला की सगळं सताड उघडं, पाटिओच्या, म्हणजे आतल्या अंगणाच्या फरशीवर पाणी शिंपडलेलं, कुंड्या निथळत असलेल्या. जुन्या सेवियात घरंच दोन ऋतूंची बांधत, उन्हाळ्यात माणसं तळमजल्यावर उतरत आणि हिवाळ्यात वर चढत, हे तुम्ही जिन्याकडे बोट दाखवून सांगितलंत. वेळापत्रकाची दुसरी ओळ मला तेव्हा कळली: "दुपारी खाली उतरायचं, वर चढायचं नाही."

आणि तो बोतिहो! पाणी गार ठेवायचा तिथला कुंजा, पांढरट, झिलई न केलेल्या भाजक्या मातीचा, वर कडी, एका बाजूला पाणी भरायचं रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला प्यायची बारीक चोच. तोंड न लावता वरून धार धरून प्यायचा. आम्ही दोघींनी एक थेंब न सांडता पिऊन दाखवलं तेव्हा सासूबाईंनी आम्हाला माणसांत घेतलं असं मला वाटतं. पाहुणे पहिल्यांदा पितात तेव्हा शर्ट भिजवतात म्हणे. मातीच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, हे आम्हाला शाळेतच शिकवलेलं. पण सासूबाईंचं म्हणणं, बोतिहो माठापेक्षा गार करतो, कारण त्याचं तोंड लहान. आमच्या नागपूरकरणीने पैज लावली. तुम्ही दुभाष्या होतात, आणि माझा अजून संशय आहे की दोन्हीकडचं तुम्ही थोडं तिखट करून सांगत होतात.

शहर आम्ही तुमच्या वेळांप्रमाणे पाहिलं. सातला बाहेर, अकराला आत. सिएर्पेस गल्लीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले तोल्दो, म्हणजे कापडी छतं, त्यांच्या सावलीतून घरी परत. एका दुपारी फारच चुळबुळ करू लागलो तर तुम्ही आम्हाला इंडीजच्या अभिलेखागारात पाठवलंत: प्रवेश फुकट, भिंती जाड, गर्दी नाही. 1785 पासून स्पेनच्या अमेरिकेतल्या साम्राज्याचे कागद तिथे ठेवलेत. आपल्या पेशवे दप्तराची आठवण येऊन मी तिथे बराच वेळ रेंगाळले. प्लाझा दे एस्पान्या हा मोठा चौक रात्री दाखवलात, कारण दुपारी त्याच्या मोकळ्या मधल्या भागात डोक्यावर आडोसा म्हणून नाही. आणि मध्यरात्री पुलापलीकडे त्रियानाच्या चौकात लहान पोरं फुटबॉल खेळतायत, आज्या खुर्च्या टाकून बसल्यात. हे बघताना मला आई आठवली, जी आम्हाला नऊला झोपवायची.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तिथे तुम्ही नव्हतात, तुमचा कागद होता.

पॅरिसला आम्ही पोचायच्या आधी, जुलैच्या पहिल्या दोन दिवसांत, उन्हापायी आयफेल टॉवरचा माथा बंद ठेवला होता. आमची खोली नेमकी छपराखालची. पॅरिसची ती करड्या जस्ताची छपरं फोटोत फार देखणी दिसतात आणि त्यांच्याखाली झोपताना त्यांचा तिटकारा येतो. 2003 च्या ऑगस्टमधल्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं गेली, त्यांतली पुष्कळशी म्हातारी, एकटी राहणारी. तिथल्या खोलीत मी सासूबाईंसारखी सकाळी खिडक्यांची दारं लावत फिरले. दुपारी खाली उतरलो, अक्षरशः: शहराखालच्या कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे जुनी हाडं रचून ठेवलेल्या भुयारांमध्ये, जिथे बारा महिने 14 अंश असतात. लाखो हाडांच्या सोबतीत स्वेटर घालून उभं राहायची वेळ आली. आणि सेन नदीत डुंबलो, काकू! 1923 पासून तिथे पोहायला बंदी होती, ती उठवून 5 जुलैपासून शहरात तीन ठिकाणी घाट उघडले होते, तेही फुकट. पाणी हिरवट, पण स्वच्छ असल्याची रोज तपासणी होते. मैत्रीण बाहेर यायला तयार नव्हती.

रोमला कागदावरची शेवटची ओळ कामी आली, "पाणी विकत घ्यायचं नाही." रस्त्यारस्त्यावर बिडाचे नळ, नाझोनी म्हणतात त्यांना, 1874 पासूनचे, आजही सुमारे अडीच हजार. पाणी अखंड वाहतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि वाकून न बसता पिता येतं. बाटली भरायला थांबलं की कुणी ना कुणी ही युक्ती दाखवायला पुढे येतंच. दुपारी सॅन क्लेमेंतेच्या चर्चमध्ये गेलो. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याखाली रोमन काळातल्या खोल्या. एकेक जिना उतरावा तशी हवा गार होत जाते आणि तळाशी भिंतीआड वाहत्या पाण्याचा आवाज येतो. तिथून तुम्हाला पाठवलेला फोटो अंधारा आला म्हणून तुम्ही तक्रार केलीत, पण आणखी खाली जाता आलं असतं तर आम्ही गेलोच असतो.

तुम्ही आमच्याकडून राहण्याचे पैसे घेतले नाहीत, टॅक्सीचेही नाहीत. सासूबाईंच्या उशीखाली ठेवलेलं पाकीट तुम्ही आमच्या सॅकच्या तळाशी परत घातलंत, ते बार्सिलोनात सापडलं. त्याबद्दल आता भांडत नाही. त्या पैशांतून तुमच्या अकोल्याच्या भावाकडे एक पंखा पोचता केलाय, कारण त्यांच्या पुढच्या खोलीतला बंद पडलाय असं तुम्हीच म्हणाला होतात. तो परत पाठवायला निघालात तर कुरिअरचा खर्च तुमचा.

सासूबाईंना मात्र एक निरोप द्या. आम्ही परतलो तेव्हा इथे धो धो पाऊस. पावसाळ्यात हवाच ओली, माठ काही गार होत नाही. तेव्हा पैज एप्रिलपर्यंत तहकूब. नागपूरकरीण दोन थर्मामीटर घेऊन बसणार आहे, एक माठात आणि एक सावलीत. तुम्हीही तिकडे जुलैत तसंच मोजा, आणि पाणी आदल्या रात्री भरलेलं असू द्या, नाहीतर ती हरकत घेईल.

तुमची,
पुण्याची पोरगी
(आणि शेजारी बसून चुका काढणारी नागपूरची)